वजनदार माणसांचे सर

सरांना घोरण्याची नक्कल लागायची. ऑपरेशनच्या आधी पेशंट तपासायला बसले, की पेशंटला दोन-चार प्रश्न विचारून ते त्याच्या बायकोकडे वळत. पेशंट बाई असेल तर नवऱ्याकडे. "घोरतात का?" "हो, घोरतात" एवढ्यावर त्यांचं भागत नसे. "कसे घोरतात ते करून दाखवा." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. सर हसत नसत. वाट पाहत बसायचे. मग ती बाई लाजत लाजत घशातून आवाज काढायची, आणि सर डोळे मिटून ऐकायचे. बाहेर बसलेल्या लोकांना वाटायचं, आत काय चाललंय!

पारोळ्याच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या बायकोने केलेली नक्कल मला अजून आठवते. नवरा शेजारीच बसला होता. त्याला सगळे बापू म्हणत. पित्ताशयात खडे होते, आणि अंग इतकं की तपासायच्या टेबलावर चढताना दोघांनी हात द्यावा लागला. बाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "घोरतस ना! भिंत हालस. अनी मधमाच बंद पडतस." आणि त्यांनी खर्र खर्र असा मोठा आवाज काढून एकदम श्वास धरला. बाईंनी बराच वेळ श्वास धरला होता. मग धापकन सोडून म्हणाल्या, "तवय मी उठीसन देखस, जित्ता शेतस का नही."

सरांनी डोळे उघडले. "बापू, तुमचं ऑपरेशन आत्ता नाही," म्हणाले.

आमचे सर भूलतज्ज्ञ होते. मी भूलशास्त्राचं शिक्षण संपवून धुळ्यात आले तेव्हा त्यांच्या हाताखाली काम करायला लागले. मी मूळची जळगावची. धुळ्यात कुणी ओळखीचं नव्हतं. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "ताई, गाडीत बसा," आणि थेट एका ऑपरेशनला घेऊन गेले. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी शेवटपर्यंत मला 'ताई'च म्हणत. अंगाने काडी. शर्ट खांद्यावर अडकवल्यासारखा दिसायचा. डॉक्टरांशी शुद्ध मराठीत बोलायचे, पेशंटशी मधूनमधून खानदेशीत, आणि इंग्रजी शब्द अगदीच गळ्याशी आल्याशिवाय काढायचे नाहीत.

भूलतज्ज्ञाचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. ज्या सर्जनचं ऑपरेशन असेल त्याच्याकडे जायचं. धुळ्यातली चार-पाच हॉस्पिटलं, शिवाय पारोळा, भडगाव, असे आम्ही फिरायचो. सरांच्या जुन्या गाडीत मागची सीट काढून टाकलेली होती आणि तिथे घडी घातलेल्या गोधड्यांची चळत असायची. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या वेगवेगळ्या जाडीच्या शिवल्या होत्या. वर रेक्झिनचं कव्हर, पुसता यावं म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, सर लग्नाला बिछायत पुरवतात की काय.

त्या गोधड्या खूप वजन असलेल्या पेशंटसाठी होत्या. अशा माणसाला सरळ उताणं झोपवलं की छाती-पोटाचा सगळा भार फुफ्फुसांवर येतो. हवा साठवायला आत जागा उरत नाही. भूल दिल्यावर श्वास थांबतो आणि नळी घालेपर्यंत साठलेल्या हवेवर काढायचं असतं. सडपातळ माणसाकडे त्या वेळची शिल्लक बरी असते. जड माणसाची बघता बघता संपते, ओठ निळे पडतात. वर मान आखूड, घशात गर्दी, नळीची वाट दिसत नाही. म्हणून सर पाठीखाली, खांद्याखाली, डोक्याखाली गोधड्या रचत जायचे, जोपर्यंत कानाचं भोक आणि गळ्याखालचा खळगा एका पातळीत येत नाही तोपर्यंत. मी बाजूने खाली वाकून पाहायचे आणि सांगायचे, "अजून एक, सर." सर्जन लोक याला 'सरांचा बिछाना' म्हणत. बिछाना मनासारखा झाला की ते पेशंटच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क धरून त्याच्याशी कपाशीबद्दल, केळीबद्दल गप्पा मारत बसत. घाई करणाऱ्याला सांगत, "हंडा भरू दे."

त्याआधी टेबलाची परीक्षा व्हायची. ऑपरेशनचं टेबल किती भार सोसतं हे कंपनीने लिहिलेलं असतं, पण टेबल जुनं झालं की त्या लिहिण्यावर सरांचा विश्वास नसे. ते दोन वॉर्डबॉयना टेबलावर बसवायचे, स्वतः बसायचे आणि शेवटी सर्जनलाही बसवायचे. धुळ्याचे एक नामांकित सर्जन पाय लोंबकळत सोडून, दोन वॉर्डबॉयच्या मध्ये, ऑपरेशनच्या टेबलावर बसलेले मी अनेकदा पाहिले आहेत. "आता जरा हला," सर म्हणायचे. आणि ते हलायचे. नाही तर सर भूल देत नसत.

अशा पेशंटना सर जाडे किंवा लठ्ठ म्हणत नसत. 'वजनदार मंडळी' म्हणत. एकदा मी हसले, तर म्हणाले, "हसायचं काय त्यात? आपल्याकडे वजनदार म्हणजे ज्याच्या शब्दाला किंमत आहे तो. यांच्या शब्दाला दवाखान्यात कुणी किंमत देत नाही. पोटात दुखतंय म्हणालं की आधी वजन कमी कर. पाय दुखतोय, वजन कमी कर. कानात किडा गेला तरी वजन कमी कर."

ऑपरेशन थिएटरात पेशंटच्या अंगावरून कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. नवीन आलेला एक तरुण सर्जन, चांगल्या हाताचा पोरगा, पोटाची चरबी बाजूला करता करता म्हणाला, "सर, इथे खणायला जेसीबी लागेल." पेशंट एक नाना होते, निवृत्त शिक्षक, गाढ भुलीत. सर आपल्या स्टुलावरून हलले नाहीत. पेशंट झोपलेला असताना ते कधीच स्टूल सोडत नसत. ते नानांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "नाना, डॉक्टरसाहेबांना तुमची माफी मागायची आहे." मग मान वर करून त्या पोराकडे पाहत राहिले. पोरगा आधी हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. शेवटी मास्कच्या आतून आवाज आला, "सॉरी, नाना."

"ऐकलं त्यांनी," सर म्हणाले. "चालू द्या."

तर, बापू. बापूंचं वजन करायचं होतं. हॉस्पिटलचा काटा त्यांच्या अंगाला पुरत नव्हता, आणि सगळीकडे वजन नजरेने अंदाजे लिहायची पद्धत होती. सरांना अंदाज चालत नसे. भूल देताना काही औषधं पूर्ण वजनावर द्यायची असतात, काही नाही. "चरबीला भूल लागत नाही, ताई," ते म्हणायचे. "काही औषधं आतल्या माणसाच्या मापाने द्यायची. पण आतला किती हे काढायला आधी बाहेरचा किती ते कळायला नको?" बाजार समितीत मोठा काटा असतो, पण पारोळ्याच्या बाजारात बापूंना ओळखत नाही असा माणूस नव्हता. तिथे काट्यावर उभं राहायला ते मेले तरी तयार झाले नसते. सरांनी त्यांना धुळ्याच्या बाजारात नेलं, सकाळी, गर्दी व्हायच्या आत. मला बरोबर घेतलं. आधी स्वतः काट्यावर चढले. हमालाने आकडा सांगितला आणि "डॉक्टर, काही खात जा" असंही सांगितलं. मग मला चढवलं. मग बापूंना. तिघांचं वजन झाल्यासारखं झालं. येताना तिघांनी मिळून चहा घेतला.

पण ऑपरेशनला सर नाहीच म्हणाले. बापू चिडले. खडे दुखत होते. "दुसरा भूलवाला भेटी जाई," असं तोंडावर बोलून गेले. सर म्हणाले, "भेटेल. पण त्याला बाईंची नक्कल ऐकायला सांगा." झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार होता तो. अशा माणसाला भूल देणं एक वेळ जमतं. भुलीतून बाहेर आल्यावर, औषधाच्या गुंगीत, तो वॉर्डात एकटा झोपला की श्वास बंद पडतो आणि पुन्हा सुरू होईलच असं नाही. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, रागात असले की खानदेशीतून निघायचं : "झोपाडनं सोपं शे, ताई. कीर्तनमाबी मानूस झोपी जास. उठाडनं हाई आपलं काम."

बापू कुठेही गेले नाहीत. बाईंनी जाऊ दिलं नाही. झोपेची तपासणी झाली, झोपताना नाकावर लावायचं हवेचं यंत्र घरी आलं. काही आठवड्यांनी दोघं परत आले तेव्हा बापूंचे डोळे वेगळेच दिसत होते, धुतल्यासारखे. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "सर, माले सपनं पडाले लागनात."

"कसले?"

"माय दिखनी." एवढा मोठा माणूस, पण आवाज बारीक झाला. आई जाऊन कैक वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्यांना एकही स्वप्न पडलं नव्हतं. पडायला तेवढी झोपच लागत नव्हती. सरांनी खिशातून शिंप्याची टेप काढली आणि बापूंच्या गळ्याचं माप घ्यायला लागले. जाड गळ्यात श्वास अडतो, म्हणून दर वेळी घ्यायचे. ऑपरेशन नीट पार पडलं.

सगळेच पेशंट असे महिनाभर थांबू शकत नाहीत. भडगावजवळच्या एका गावाहून अक्का आल्या त्या भर दुपारी, गाडीच्या मागच्या सीटवर बसून, घामाने निथळत. आजूबाजूच्या गावांत लग्नकार्याचे मांडे त्याच करायच्या. हातावर मांडा फिरवून खापरावर टाकताना त्यांच्याकडे बघत राहावं, असं त्यांची सून सांगत होती. बेंबीचा हर्निया अनेक वर्षांचा. पूर्वी एकदा कुठल्याशा दवाखान्यात गेल्या होत्या, तिथे त्यांना आत घेताना कुणीतरी "दार मोठं करा रे" म्हणालं. अक्का तिथूनच मागे फिरल्या त्या पुन्हा डॉक्टरकडे गेल्या नाहीत. आता आतडं हर्नियात अडकलं होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या.

अक्का आडव्या होऊ शकत नव्हत्या. घरीही त्या भिंतीला उशा लावून बसूनच झोपायच्या. कमरेतून भूल द्यावी तर पाठीचे मणके हाताला लागत नव्हते, आणि ती भूल चढली की आडवं व्हावंच लागणार. पूर्ण भूल द्यावी, तर झोपवल्यावर नळी गेली नाही तर परत फिरायला रस्ता नाही. पोट भरलेलं, उलटी फुफ्फुसात जायची भीती. नाशिकला पाठवायचा विचार झाला. सर्जन म्हणाले, तेवढा वेळ आतड्याकडे नाही.

सर म्हणाले, "जागेपणी नळी घालू."

म्हणजे घसा फवाऱ्याने बधिर करायचा, आणि पेशंट बसलेला, पूर्ण शुद्धीवर, स्वतःचा श्वास स्वतः घेत असताना तोंडातून श्वासनळीत नळी घालायची. आत काय आहे ते छोट्या पडद्यावर दिसतं असं यंत्र आमच्याकडे होतं. नळी जागेवर गेली की मग झोपवायचं. ऐकायला सोपं आहे. ज्याच्या घशात कधी माशाचा काटा अडकला असेल त्याने कल्पना करावी.

पोट रिकामं करायला आधी नाकातून नळी घातली. बिछाना रचला, अक्कांना अर्धं बसवलं. सरांनी फवारा मारला, थोडं थांबले, पुन्हा मारला. यंत्राचं पातं जिभेवरून मागे सरकवलं तशी अक्कांनी सरांचं मनगट पकडलं आणि बाजूला ढकललं. खापराची सवय झालेला हात. सरांच्या काडीसारख्या मनगटावर वळ उठला. "नको," त्या रडायला लागल्या. "माले मरू द्या. मनावर हसतस बठ्ठा." सगळे आपल्यावर हसतात, हेच पुन्हा पुन्हा.

सर्जन दाराशी उभे होते. "सर, थोडी गुंगी द्या ना. आतडं काळं पडतंय."

"गुंगी दिली तर श्वास जाईल," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "आतडं कापून काढता येतं, ताई. मेंदू नाही येत."

त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि अक्कांच्या डोळ्यांसमोर बसले. यंत्राचं पातं अक्कांच्या हातात दिलं. "देखा अक्का, हाई जाई तोंडमा. टोचस नही. हात वर करशात, मी थांबसू."

अक्कांनी ते उलटसुलट पाहिलं. "खरंच थांबशात?"

"शब्द देस."

"आठे कोनी हसाव नही?"

सर मागे वळून सगळ्यांकडे पाहत म्हणाले, "कोनी नही."

दुसऱ्यांदा पातं आत गेलं. पडद्यावर घसा दिसायला लागला, मागे स्वरयंत्राची कडही दिसली. मी नळी हातात घेऊन तयार. अजून थोडंसंच जायचं होतं, आणि अक्कांचा हात वर गेला. मी मनात म्हटलं, आता थांबू नका सर, दिसतंय. सर थांबले. पातं बाहेर काढलं. सर्जन काहीतरी पुटपुटून बाहेर गेले. सरांनी अक्कांच्या तोंडातली लाळ पुसली, प्राणवायूचा मास्क लावला आणि विचारलं, "मांडासाठी गहू कोनता लेतस?"

अक्का मास्कमधून त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना सरांचा शब्द तपासून पाहायचा होता, असं मला नंतर वाटलं. खरंच थांबतात का, एवढंच. उत्तर न देता त्यांनी स्वतःच मास्क बाजूला केला आणि तोंड उघडलं.

तिसऱ्यांदा हात वर गेला नाही. चादर मुठीत गच्च धरलेली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात खालीच राहिला. नळी स्वरयंत्रातून आत गेली. "झालं, अक्का. आता झोपा," सर म्हणाले आणि मला मान हलवून खूण केली. मी औषध दिलं. सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो काढावा लागला. सर्जननी काम उत्तम केलं. शेवटी त्यांना नळी काढायची घाई होती, सरांना नव्हती. अक्कांनी डोळे उघडले, हात दाबला, मान उचलून धरली, श्वास भरून दाखवला, तेव्हा त्यांना बसतं करून मग नळी काढली. जखमेच्या दोन्ही बाजूंना बधिर करणारी सुई दिली होती, म्हणजे झोप आणणारं वेदनाशामक द्यायला नको. नाकावर हवेचं यंत्र. आणि शेजारी सर. सिस्टर आडवं करायला आली की सर नुसते बोट वर करायचे. संध्याकाळी अक्का बऱ्यापैकी शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी यंत्र बाजूला करून घोगऱ्या आवाजात सांगितलं, गहू कोणता ते. सर गंभीरपणे ऐकत होते, जसा एखादा तपासणीचा निकाल ऐकावा.

मला वाटायचं, या माणसाच्या आयुष्यात मागे काहीतरी घडलं असणार. कुणीतरी हातून गेलं असणार, त्याशिवाय इतकी काळजी कोण करतं? एकदा पारोळ्याहून परत येताना विचारलंच. सर गाडी चालवत होते. म्हणाले, "सगळ्यांना असंच वाटतं. तसं काही नाही. कुणी गेलं असतं तर मी घाबरून हे काम सोडून दिलं असतं." मग म्हणाले, "बरेच डॉक्टर अशा पेशंटला टाळतात. टाळलेला माणूस आपल्याकडे आला की चांगला वागतो. मला करमतं त्यांच्यात."

पुढे मी जळगावला परतले, लग्न झालं, तिथेच काम सुरू केलं. फोन होत राहायचे. एखादा अवघड पेशंट असला की मी सगळं सांगायचे आणि ते एकच विचारायचे, "दुसरं कोण आहे सोबत?" एकटीने करू नका म्हणायचे. मागच्या वर्षी एका सकाळी काकूंचा फोन आला. चहा घेता घेता सर गेले. काही त्रास नाही, कुणाला हाक मारायला वेळ नाही.

सुतक फिटायच्या दिवशी, गंधमुक्तीला, मी जळगावहून लवकर निघून धुळ्याला पोचले. घरासमोरच्या मोकळ्या जागेत मंडप घातला होता. प्लास्टिकच्या हातांच्या खुर्च्या टेम्पोतून उतरवलेल्या होत्या आणि काकू त्या परत टेम्पोत चढवायला लावत होत्या. मंडपवाला वैतागला होता. "काकू, गंधमुक्तीले बाकं कोन टाकस? शाळा शे का हाई?"

"टाक रे भाऊ," काकू म्हणाल्या. "मंगल कार्यालयातून आण. लाकडाची, मजबूत बघून आण."

मी काकूंना बाजूला घेतलं. म्हटलं, आजच्या दिवशी कशाला एवढ्या तेवढ्यासाठी जिवाला त्रास करून घेता, खुर्च्या काय वाईट आहेत?

"त्यांची माणसं येतील आता," काकू म्हणाल्या. "हातांच्या खुर्चीत त्यांना बसता येत नाही गं. शेवटपर्यंत उभी राहतील, पण बसायला दुसरं काही मागणार नाहीत."

आणि ती आली. भडगावहून, पारोळ्याहून, शिरपूरकडून, साक्रीकडून. मी त्यांतल्या निम्म्यांना ओळखतही नव्हते. बापू आले, बाईंसह. ते निवृत्त शिक्षक नाना आले. अक्का सुनेचा हात धरून रिक्षातून उतरल्या, मंडपाच्या तोंडाशी थांबल्या आणि नजरेने एखादा खांब शोधायला लागल्या, ज्याला टेकून उभं राहता येईल. काकू उठून गेल्या. अक्कांचा हात धरून त्यांना पहिल्या रांगेत आणलं. बापू बाकाच्या कडेला सरकले. अक्का हळूहळू टेकल्या. बाक करकरलं आणि स्थिर झालं. कुणी वळून पाहिलं नाही.